सासुरवाडीचा पत्ता

कुणाच्याही घरी गेलं की माझी नजर आधी चपलांकडे जाते. दाराबाहेर किती जोड आहेत, लहान मुलांचे आहेत का, कुणी पाहुणा आधीच येऊन बसलाय का, हे सगळं बेल वाजवायच्या आत कळून जातं. सेंट लुईसला लेकीकडे राहायला आल्यापासून या सवयीची उपासमारच चालली आहे. इथे दारं बंद, उंबऱ्याबाहेर काही नाही, माणसं आत असली तरी बाहेर पत्ता लागत नाही. त्यामुळे मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी अमेरिकेचे एके काळचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या घराच्या पायऱ्या चढताना माझा हात आपोआप चपलेच्या पट्ट्याकडे गेला, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हणजे हे मला घर वाटत होतं. रुंद काठाची टोपी घातलेल्या रेंजरबाईंनी हसून मान हलवली. पायातलं काढायचं नाही, अंथरलेल्या पट्टीवरूनच चालायचं, कशालाही हात लावायचा नाही. हे वाक्य मात्र घराचं नव्हतं, संग्रहालयाचं होतं. पुढचा सगळा वेळ मी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हिंडत राहिले.

खरं तर आम्ही निघालो होतो डेन्व्हरला, डोंगर बघायला. जावई गाडी चालवत होते, शेजारी हे बसले होते आणि मागे आम्ही दोघी मायलेकी, मध्ये दशम्यांचा डबा. आय-सेव्हन्टी हा रस्ता मिझुरीच्या पोटातून सरळ पश्चिमेला जातो. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मधूनच एखादं लाल कोठार, मग पुन्हा मका. पहिल्या तासात सगळे खूष असतात, दुसऱ्यात गाणी लावतात, तिसऱ्यात ‘अजून किती’ सुरू होतं. जावयांना ते आधीच ठाऊक असावं. कॅन्सस सिटी जवळ आली तसं त्यांनी आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, “आई, तुम्ही इतिहास शिकवायचात ना? ट्रुमनचं घर आहे वाटेत. थांबू या?” हे म्हणाले, “तोच ना, बॉम्बवाला?”

माझ्याही मनात वेगळं काही नव्हतं. शाळेत चाळीस मिनिटांच्या तासात दुसरं महायुद्ध संपवायचं असे, त्यात ट्रुमनच्या वाट्याला एखादं वाक्य येई. ६ ऑगस्ट १९४५ हिरोशिमा, ९ ऑगस्ट नागासाकी, खाली रेघ मारा, परीक्षेला येतं. त्या वाक्यातल्या माणसाला घर असेल, घराला परसदार असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

घर पांढरं, लाकडी, जुन्या धाटणीचं. टोकदार छपरं, कोरीव कडा, पुढे मागे ओटे. पत्ता २१९, नॉर्थ डेलावेअर स्ट्रीट. आजूबाजूला तशीच घरं, मोठी झाडं, एक माणूस समोरच्या हिरवळीवर यंत्र फिरवतोय. या घराला लोखंडी कुंपण आहे, एवढाच वेगळेपणा. ते कुंपणही १९४९ साली आलं. ट्रुमन अध्यक्ष झाल्यावर लोक अंगणात शिरू लागले, आठवण म्हणून हाताला लागेल ते घेऊन जाऊ लागले. आधीचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी तेव्हा त्यांना समजावलं की कुंपण घाला, नाहीतर लोक घर उचलून नेतील. हूव्हर विरोधी पक्षाचे. पण घर फुकट जाऊ नये, यात पक्ष कुठला आला!

आणि मग रेंजरबाईंनी जे सांगितलं, त्यावर आम्हा चौघांच्या नजरा एकदम एकमेकांना भिडल्या. हे घर ट्रुमन यांचं नव्हतंच. ते त्यांच्या बायकोच्या आजोबांनी, जॉर्ज गेट्स यांनी बांधलेलं. १९१९ साली बेस वॉलेस यांच्याशी लग्न झालं आणि हॅरी ट्रुमन या घरात राहायला आले, ते कायमचे. सासूबाई इथेच. सिनेटर झाले, उपाध्यक्ष झाले, जगातल्या सगळ्यांत मोठ्या खुर्चीवर बसले, तरी इंडिपेंडन्समधला पत्ता सासुरवाडीचाच. १९५२च्या डिसेंबरात सासूबाई गेल्या, त्यानंतर मेव्हण्यांचे हिस्से विकत घेऊन नवराबायकोंनी घर आपल्या नावावर केलं. म्हणजे लग्नानंतर ३३ वर्षं हा मनुष्य घरजावई होता.

जावई खिडकीबाहेर बघू लागले. लेकीने तोंडावर हात धरला.

सासूबाईंचं नाव मॅज वॉलेस. आपल्या मुलीने शेतकऱ्याच्या पोराशी लग्न करावं, हे त्यांना कधी पटलं नाही. ट्रुमन जवळच्या ग्रँडव्ह्यूला घरच्या शेतावर राबत होते. इथे वॉलेसांच्या समोरच्याच घरात त्यांची आत्या राहायची. १९१० साली तिथे आले असताना केकची रिकामी ताटली परत करायला कुणीतरी जायला हवं होतं, ती घेऊन ते रस्ता ओलांडून आले आणि बेस यांनी दार उघडलं, अशी घरची कथा आहे. त्यानंतर नऊ वर्षं वाट पाहिली. मधे महायुद्धात फ्रान्सला जाऊन आले. लग्नानंतर कॅन्सस सिटीत भागीदारीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं, ते १९२२ साली बुडालं आणि पुढची कितीतरी वर्षं कर्ज फेडण्यात गेली. सासूबाई काय म्हणाल्या असतील, ते सांगायला इतिहासाचा अभ्यास लागत नाही. जावई अध्यक्ष झाल्यावर त्या व्हाइट हाउसमध्ये राहायला गेल्या, तिथेच वारल्या, पण शेवटपर्यंत त्यांना ‘मिस्टर ट्रुमन’ म्हणायच्या असं सांगतात.

गटातल्या सगळ्यांना हसू आलं. मी हसता हसता थांबले. मीही आमच्या जावयांना अहो-जाहोच करते. आमच्याकडे तो मान असतो, हे खरं. पण मानाच्या आडून अंतरही राखता येतं, तेही कुणाला बोल न लावता येईल असं. बिचाऱ्या मॅजबाईंच्या बाजूने बोलणारं कुणी तिथे नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने १९०३ साली स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या काळी, त्या गावात, ही गोष्ट बाईने कशी गिळली असेल? त्या मुलांना घेऊन आईवडिलांच्या या घरात परतल्या आणि हळूहळू जगातून बाजूला झाल्या. एकदा असा हात सुटल्यावर मुलीचा हात दुसऱ्या कुणाच्या हाती देताना बाई साशंक होणारच. मग समोर शेतकरी उभा असो की राष्ट्राध्यक्ष.

आत गेल्यावर आवाज आपोआप खाली आले. फोटो काढायला मनाई होती, त्यामुळे सगळ्यांचे हात रिकामे आणि डोळे मोकळे. जिन्याजवळच्या खुंटीला त्यांचा कोट आणि हॅट आहे. काचेच्या पेटीत नाही, दिवा सोडलेला नाही, नुसती अडकवलेली. एका माणसाच्या डोक्याच्या मापाची, काठाला बोटांनी धरून धरून वळण बसलेली हॅट. हा माणूस रोज सकाळी झपाझप चालायला निघायचा, मिनिटाला १२० पावलं, सैन्यातला ताल. अध्यक्षपद गेल्यावरही गावातून तसाच चालायचा आणि लोक ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. माझे सासरे वारल्यावर त्यांची काळी टोपी अशीच खुंटीला राहिली होती. काढायची कुणी, हा प्रश्न होता. इथे सरकारने तो प्रश्न सोडवून टाकला आहे, कुणीच काढायची नाही.

स्वयंपाकघरात मी सगळ्यांच्या मागे रेंगाळले. दोघांना पुरेल एवढं टेबल, साधी कपाटं, जमिनीवर झिजलेलं लिनोलियम, डागडुजी करून चालवलेलं. नवं घालायला पैसे नव्हते असं नाही, गरज वाटली नसावी. ओट्यापाशी उभं राहण्याची जागा कुठली, ते जमिनीकडे बघूनच सांगता येत होतं. जगातली कुठलीही बाई ते सांगेल. जगाच्या नकाशावर रेघा ओढून आलेला माणूस सकाळी या टेबलाशी बसून टोस्ट खात असेल आणि बेस म्हणत असतील, नळ गळतोय, कुणाला तरी बोलवा.

अभ्यासिकेत छतापर्यंत पुस्तकं आणि दोन खुर्च्या. त्यांच्यासाठी इतिहास आणि चरित्रं, बेस यांच्यासाठी रहस्यकथा. एका खोलीत दोघंजण आपापलं पुस्तक वाचत बसलेत, कुणी बोलत नाही आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, ही संसाराची बरीच पुढची इयत्ता आहे. दिवाणखान्यात मुलीचा, मार्गारेटचा, पियानो. तिला नाताळात हवी होती विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी, मिळाला पियानो. या एका गोष्टीसाठी मला ती मुलगी एकदम जवळची वाटली.

वरचा मजला बंद आहे. बेस १९८२ साली गेल्या आणि घर त्यांनी देशाला दिलं, पण मार्गारेट आहे तोवर वरच्या मजल्यावर कुणाला नेऊ नये असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. मार्गारेट २००८ साली गेली. मजला अजूनही पाहुण्यांसाठी उघडलेला नाही, आता जपणुकीसाठी. आमच्या गटातले एक गृहस्थ जिन्याच्या तोंडाशी मान उंचावून बघत होते. मला मात्र ते बंद दार आवडलं. देशाला घर दिलं, घरातलं सगळं नाही दिलं. बेस यांना वॉशिंग्टन कधीच मानवलं नाही, वार्ताहरांना मुलाखती देणंही नाही. ट्रुमन यांनी त्यांना लिहिलेली तेराशेच्या वर पत्रं आज आहेत. बेस यांची थोडीच उरली. एकदा त्या फायरप्लेसपाशी बसून स्वतःची पत्रं जाळत होत्या, ट्रुमन म्हणाले, अगं, इतिहासाचा तरी विचार कर. त्या म्हणाल्या, तोच तर करतेय. ही गोष्ट ऐकताना मी इतिहासाची शिक्षिका म्हणून हळहळले आणि बाई म्हणून मनातल्या मनात शाबास म्हटलं.

कऱ्हाडचं ‘विरंगुळा’ आठवलं. यशवंतराव चव्हाणांचं घर. शाळेची सहल प्रीतिसंगमावर नेली की तिथेही मुलींना घेऊन जायची मी. यशवंतराव परदेशात गेले की वेणूताईंना पत्रं लिहायचे, ती पुढे पुस्तकात आली. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान झालेला माणूस परक्या शहरातल्या हॉटेलात रात्री बसून घरी पत्र लिहितोय, हे मुलींना सांगितलं की वर्ग शांत व्हायचा. मग एखादी विचारायची, “बाई, आणि वेणूताई काय लिहायच्या?” या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नसायचं. मोठ्या माणसांच्या घरात भिंतीवर फोटो पुष्कळ असतात, पण घर ज्यांनी चालवलं त्यांचा आवाज कुठे कोंडलाय ते शोधावं लागतं. कधी तो शोधूनही सापडत नाही, कारण तो कुणीतरी जाणूनबुजून चुलीत घातलेला असतो.

बाहेर आल्यावर आम्ही कुंपणालगतच्या सावलीत उभे राहिलो. यांना एकच गोष्ट भावली होती आणि ते ती पुन्हा पुन्हा घोळवत होते. १९५३च्या जानेवारीत ट्रुमन यांची मुदत संपली आणि ते आगगाडीने घरी आले. तेव्हा माजी अध्यक्षाला पेन्शन नव्हतं. सैन्यातल्या नोकरीचे महिन्याला ११२ डॉलर आणि काही सेंट, बस. मोठमोठ्या कंपन्या नाव वापरायला मागत होत्या, ते त्यांनी दिलं नाही, आठवणी लिहून पैसे मिळवले. माजी अध्यक्षांना पेन्शन देणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. घरी पोचल्यावर पहिलं काम काय केलंत असं वार्ताहराने विचारलं, तर उत्तर मिळालं, बॅगा माळ्यावर नेऊन ठेवल्या. हे वीज मंडळातून निवृत्त झालेत, त्यांना पेन्शनचे आकडे लगेच लक्षात राहतात. पण मला वाटतं, त्यांना भावल्या त्या बॅगा.

खुर्चीवर चढण्याच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. अभ्यास केला, हाल काढले, दिव्याखाली बसले, मोठे झाले. उतरण्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही. राजेंद्रबाबू १९६२ साली राष्ट्रपतिभवन सोडून पाटण्याला सदाकत आश्रमात परत गेले, ही गोष्ट मी वर्गात सांगायची, पण तीही दोन वाक्यांत आटपायची. मी स्वतः मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तेव्हा हार, शाल, श्रीफळ, भाषणं सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला माझे कान घंटेची वाट बघत होते. काही दिवसांनी कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत गेले, तर शिपाईमामा पहिल्यासारखेच उठून उभे राहिले, पण ऑफिसमधल्या नव्या मुलीने “बसा हं थोडं” म्हणून बाकाकडे बोट दाखवलं. त्या बाकावर मी पालकांना बसवत असे. तिथून ऑफिस किती वेगळं दिसतं! घड्याळ दिसत नाही, नोटीस बोर्डावरची अक्षरं वाचता येत नाहीत आणि आत काय चाललंय याचा काही अंदाज लागत नाही. ही गोष्ट मी खुर्चीवर असताना कळली असती, तर तो बाक मी हलवला असता.

एवढ्याशा शाळेच्या खुर्चीची ही कथा. मग ज्याच्या एका होकारावर सैन्यं हलली, त्याने काय करावं? ट्रुमन यांनी एक मजेदार गोष्ट केली. त्या १९५३च्या उन्हाळ्यात त्यांनी बायकोला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी चालवत न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आले. बरोबर रक्षक नाहीत, ड्रायव्हर नाही. नवी कोरी क्रायस्लर. त्यांना भरधाव चालवायला आवडायचं आणि बेस यांचं लक्ष वेगाच्या काट्यावर. साध्या मोटेलात उतरायचे, रस्त्याकडेच्या हॉटेलात जेवायचे, आपल्याला कुणी ओळखत नाही असं वाटायचं आणि तेवढ्यात सगळं गाव गोळा व्हायचं. पेनसिल्व्हेनियात तर पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली, वेगवान लेनमध्ये रेंगाळून मागच्यांची वाट अडवली म्हणून. खिडकीतून आत डोकावल्यावर त्या पोलिसाचा चेहरा कसा झाला असेल! जावयांनी ही गोष्ट अगदी रंगवून सांगितली आणि शेवटी लेकीकडे बघत म्हणाले, “म्हणजे शेजारी बसून वेग मोजायची प्रथा जुनी आहे.”

इथपर्यंत सगळं गोड होतं. फार गोड होतं, म्हणून मला आतून अवघडायला झालं.

घरानंतर आम्ही ट्रुमन यांच्या ग्रंथालयात आणि संग्रहालयात गेलो, ते गावातच आहे. १९५७ साली उघडलं आणि पुढे बरीच वर्षं ते रोज तिथे ऑफिसला जात. अंगणात दोघांच्या समाध्या आहेत. आत व्हाइट हाउसमधल्या ऑफिसची हुबेहूब खोली, टेबल, टेबलावरची ती प्रसिद्ध पाटी, की जबाबदारी ढकलायची साखळी इथे संपते. अध्यक्ष रूझवेल्ट वारले तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते आणि अणुबॉम्बच्या प्रकल्पाची त्यांना कुणी धड कल्पनाही दिली नव्हती. १२ एप्रिलला शपथ घेतली, ६ ऑगस्टला हिरोशिमा. मधे चार महिनेही नाहीत. त्या निर्णयाबद्दल आपल्याला पश्चात्ताप नाही, असं त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं.

दालनात नागासाकीच्या बॉम्बची एक सुरक्षा-खीळ ठेवली आहे. मुठीत मावेल एवढी वस्तू. ती उपसून तिच्या जागी दुसरी बसवली की बॉम्ब सज्ज. आणि त्याच संग्रहालयात एक कागदी पक्षी आहे. सादाको सासाकीने घडी घालून केलेला क्रौंच. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. हॉस्पिटलात औषधांच्या वेष्टनांचे कागद जमवून ती पक्षी करायची. तिच्या भावाने त्यातला एक २०१५ साली इथे दिला. दिला तो ट्रुमन यांच्या नातवाबरोबर उभं राहून. हा नातू, क्लिफ्टन ट्रुमन डॅनियल, त्याआधी २०१२ साली हिरोशिमाला जाऊन आला होता, ६ ऑगस्टच्या दिवशी तिथल्या लोकांमध्ये बसला होता.

सादाको मला नवी नव्हती. दरवर्षी ६ ऑगस्टला आमच्या शाळेत पाचवीच्या मुली कागदी पक्षी करायच्या, रद्दीच्या, वहीच्या, चॉकलेटच्या कागदांचे. चौकोन नीट कापला नाही की पक्ष्याची मान वाकडी यायची. ते दोऱ्यात ओवून आम्ही हॉलमध्ये टांगायचो आणि पंधरा ऑगस्टच्या पताका लावायला शिपाईमामा ते काढून ठेवायचे. इथला पक्षी मी कल्पना केली होती त्यापेक्षा खूपच लहान. एवढ्याशा कागदाला घडी घालायची तर टाचणी लागली असेल. आजारी पोरीने मन लावून, दात ओठ खाऊन घडी पक्की केली असेल, नखाने दाबली असेल. मी काचेला नाक लावून घड्या मोजायचा प्रयत्न करत होते, मागे कुणीतरी खोकल्यावर बाजूला झाले.

सकाळी ज्या स्वयंपाकघरात मला इतकं आपलंसं वाटलं, त्या घराचं आता काय करायचं? झिजलेलं लिनोलियम, खुंटीवरची हॅट, सासूबाईंचा तुटकपणा मुकाट सोसणारा जावई, हे सगळं खरं होतं. बनवलेलं काही नव्हतं. आणि हा पक्षीही खराच. साध्या राहणीच्या माणसाबद्दल आपण फार लवकर विरघळतो. राहणी साधी म्हणजे मन निर्मळ, हिशेब चोख, निर्णय बरोबर, अशी साखळी आपल्याकडे तर तयारच असते. फाटका सदरा बघितला की आपण पुढचं विचारत नाही. पण निर्णयाचं वजन घराच्या चौरस फुटांवर मोजता येत नाही. सैन्यातला वर्णभेद संपवणारा १९४८ सालचा आदेशही याच हॅटखालच्या डोक्यातून निघाला. भारतात धान्याची टंचाई होती तेव्हा, १९५१च्या जूनमध्ये, २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलर कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली तीही याच हाताने. आमच्या सासूबाई रेशनच्या रांगांच्या गोष्टी सांगायच्या, पिशवी घेऊन पहाटे नंबर लावायचा, मिळेल तो गहू निवडायचा. त्या गव्हातला काही या कर्जातून आला असेल तर यांच्या लहानपणच्या पोळ्यांत ट्रुमन यांचा वाटा आहे. हे मी यांना म्हटलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “उपकार आणि अपराध एकाच खात्यावर मांडून बाकी काढता येत नाही गं. दोन वह्या लागतात.” आयुष्यभर मीटरचं रीडिंग बघितलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं, म्हणून मला ते जास्त पटलं.

घरात फिरताना यांनी रेंजरबाईंना विचारलं होतं, या घरात ते बॉम्बबद्दल कधी बोलायचे का? त्या म्हणाल्या, ते सगळं तुम्हाला ग्रंथालयात बघायला मिळेल. मला तेव्हा ते टाळणं वाटलं. आता वाटतं, तेच बरोबर होतं. माणूस जिथे राहतो आणि जिथे सही करतो त्या दोन जागा वेगळ्याच असतात. तिढा एवढाच, की माणूस एकच असतो आणि संध्याकाळी तो सही करून घरी येतो, हॅट खुंटीला अडकवतो. सही दारात काढून ठेवता येते का, हे मला त्या घराने सांगितलं नाही.

आम्ही पुन्हा आय-सेव्हन्टीवर आलो. दशम्या संपल्या होत्या, चटणी उरली होती. कॅन्ससची हद्द लागली आणि आभाळ एकदम मोठं झालं. जावई म्हणाले, पुढे दोनेक तासांवर ॲबिलीन लागेल, तिथे आयझेनहॉवर यांचं लहानपणचं घर आहे. ट्रुमन यांच्यानंतरचे अध्यक्ष. दोघांचं त्या काळात इतकं बिनसलेलं, की शपथविधीच्या दिवशी आयझेनहॉवर व्हाइट हाउसच्या दारात आले, कॉफीला आत गेले नाहीत, गाडीतच बसून राहिले. पुढे दहा वर्षांनी केनेडींच्या अंत्ययात्रेच्या दिवशी कुठे ते दोघं मोकळेपणाने बोलले. आणि आम्ही ज्या रस्त्यावरून चाललो होतो त्या महामार्गांचा १९५६चा कायदा आयझेनहॉवर यांच्या सहीचा. म्हणजे एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या दोघांची घरं एकाच रस्त्याला लागलेली.

“थांबायचं का?” लेकीने विचारलं.

“एका दिवसात एकच अध्यक्ष पुरे,” हे म्हणाले.

मला थांबायचं होतं, पण अंधार पडायच्या आत किती अंतर कापायचं आहे याचा हिशेब पुढच्या सीटवर चालला होता, त्यात मी पडले नाही. थोड्या वेळाने जावयांनी पुन्हा आरशातून बघितलं. चेहरा अगदी गंभीर.

“आई, आयझेनहॉवरची सासुरवाडी डेन्व्हरची. लग्न तिथेच झालं, सासऱ्यांच्या घरात, आणि सुट्टीलाही ते तिथेच जायचे. घर अजून उभं आहे. बघायचं असेल तर सांगा, आपण तिकडेच चाललोय.”

“आणि सासूशी पटायचं का त्यांचं?” मी विचारलं.

“उत्तम, असं वाचलंय.”

“मग तू मला तिथे घेऊन चल,” मी म्हटलं. ‘तुम्ही’ म्हणायचं राहून गेलं. जावयांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली आणि लेकीने मागून पुढे झुकून काटा बघितला.